हिरव्या पाण्यातल्या एकपेशीय जिवांना उजेड कसा कळतो : घरी करून पाहण्याचे प्रयोग

हिरव्या पाण्याची काचेची बाटली खिडकीत ठेवली की दोन-तीन तासांत हिरवा रंग खिडकीच्या बाजूला दाट होतो. बाटली अर्धी फिरवून ठेवली तर तो पुन्हा उजेडाकडे सरकतो. हे करणाऱ्या जिवांना मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. प्रत्येकाचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. तरीही उजेड कुठून येतोय, किती आहे, आत्ता वाढला की कमी झाला, हे त्यांना कळतं. कसं कळतं, याचं बरंच तपशीलवार उत्तर आज विज्ञानाकडे आहे, आणि त्या उत्तराचा मोठा भाग बडोद्यातल्या कुठल्याही घरात, जेवणाच्या टेबलावर तपासून पाहता येतो.

सगळ्या प्रयोगांमागचं सूत्र आधीच सांगते. या जिवांना आपल्यासारखं चित्र दिसत नाही. पोहताना ते स्वतःभोवती फिरतात आणि क्षणापूर्वीचा उजेड व आत्ताचा उजेड यांतला फरक टिपतात. दिशा त्या फरकातून मिळते. पुढची प्रत्येक पायरी या एका विधानाची परीक्षा आहे, म्हणून पायऱ्या शक्यतो दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

पाणी कुठून आणायचं

पहिलं विश्वामित्रीबद्दल. या नदीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मधोमध आहेत, आणि पूर आला की त्या नाल्यांतून वस्त्यांपर्यंत येतात. नदीकाठी किंवा तिला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी नमुना घ्यायला जायचं नाही. मुलांना घेऊन तर मुळीच नाही. तशी गरजही नाही. आपल्याला हवे ते जीव वाहत्या पाण्यापेक्षा साचलेल्या, शेणामुताचा अंश असलेल्या पाण्यात जास्त वाढतात. सूरसागरसारख्या बांधीव काठाच्या खोल तलावात वाकून बाटली भरण्यापेक्षा भरवाडांच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या, गोठ्याजवळचं डबकं, जनावरांना पाणी पाजायचा हौद, गच्चीवर विसरलेली बादली किंवा कुंडीखालची ताटली यांत यश लवकर येतं. गोठ्याच्या मालकांना विचारून, हातमोजे घालून, जुन्या डावाने वरवरचं पाणी घ्यावं.

योग्य काळ म्हणजे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लहान भांड्यातलं पाणी इतकं तापतं, की जीव तग धरत नाहीत आणि धरला तरी धड वागत नाहीत.

कोणतं हिरवं पाणी घ्यायचं, हे नीट पाहून ठरवा. बोटाला लांब, बुळबुळीत तंतू लागत असतील तर ते बहुधा स्पायरोगायरासारखं शेवाळ आहे. ते पोहत नाही, आपल्या कामाचं नाही. पाण्यावर जाड, निळसर-हिरवी साय असेल तर तिथून दूर राहा. अशा सायीत सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जिवाणू) असू शकतात आणि त्यांच्या काही जाती विषारी द्रव्यं तयार करतात. काचेच्या बाटलीत घेतल्यावर जे पाणी एकसारखं, फिकट हिरवं दिसतं, ते आपलं. कधीकधी डबक्यावर विटकरी-लाल पातळ साय दिसते. ती बऱ्याचदा युग्लीना सँग्विनिया या एकपेशीय जिवाची असते. तिच्या पेशीत लाल रंगद्रव्याचे कण असतात. प्रखर उन्हात ते पृष्ठभागाजवळ पसरतात आणि उजेड उतरला की आत गोळा होतात, त्यामुळे तेच डबकं दुपारी लाल आणि संध्याकाळी हिरवट दिसू शकतं. असं डबकं सापडलं तर दोन्ही वेळा जाऊन बघा. प्रकाशाला दिलेला तोही एक प्रतिसादच आहे, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

बाटली अर्धीच भरा, म्हणजे आत हवा राहील, आणि स्कूटरच्या डिकीत ऊन खात ठेवू नका.

घरी वाढवणं

घरी आल्यावर पाणी जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळून घ्या. डासांच्या अळ्या, पाण्यातले पिसू आणि कचरा कापडावर राहतो, आपले जीव खाली उतरतात. अळ्या कुठेही ओतून देऊ नका. कापड कडक उन्हात वाळवा.

त्यांना वाढवायला अर्धा लिटर पाण्यात गव्हाचे १५-२० दाणे पाचेक मिनिटं उकळा आणि दाण्यांसकट झाकून रात्रभर ठेवा. नळाचं पाणी वापरणार असाल तर ते आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवावं, म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. दुसऱ्या दिवशी त्यात गाळलेलं हिरवं पाणी पाव भाग मिसळा, बरणीच्या तोंडाला मलमल बांधा आणि थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खिडकीत ठेवा. आठ-पंधरा दिवसांत रंग गडद व्हायला हवा. पाण्याला सडका वास येऊ लागला तर दाणे जास्त झाले असं समजून अर्धं पाणी बदला. मलमल आठवणीने बांधायची, कारण उघडी बरणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला दिलेलं आमंत्रण.

आत कोण आहे ते पाहणं

शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. आधी १०० पट आणि मग ४०० पट मोठं करून पाहा. तो मिळत नसेल तर फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. त्यात युग्लीना ओळखू येते, आतले बारकावे मात्र फारसे दिसत नाहीत.

काचपट्टीवर थेंब घेऊन त्यात कापसाचे दोन-चार तंतू टाका आणि वर आच्छादन-काच ठेवा. तंतूंच्या जाळीत जीव अडकून हळू होतात, मरत नाहीत. आता शोधा: लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी हिरवी पेशी, जिच्या पुढच्या टोकाजवळ लालसर-केशरी ठिपका आहे. ही युग्लीना. अडचणीत सापडली की ती अंग आखडते, फुगवते, पुन्हा ताणते. हे दृश्य एकदा पाहिलं की ओळख चुकत नाही. तिच्यापेक्षा पाचपट लहान, अंडाकृती आणि लगबगीने पोहणारे हिरवे जीव दिसले तर ते क्लॅमिडोमोनस असण्याची शक्यता आहे; त्यांना पुढे दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे पोहण्याचे धागे असतात. गरगरत जाणारा मोठा हिरवा गोल दिसला तर तो व्हॉल्वॉक्स. तो अनेक पेशींची वसाहत आहे, तेव्हा या लेखाच्या विषयाबाहेरचा, पण तोही उजेडाकडे जातो, आणि नवख्या माणसाला पहिल्यांदा दाखवायला त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

आता एका मोकळ्या युग्लीनावर नजर ठेवा. ती सरळ जात नाही, मळसूत्री वळणं घेत जाते, आणि लाल ठिपका कधी या कडेला तर कधी त्या कडेला दिसतो. म्हणजे पोहता पोहता ती स्वतःच्या अक्षाभोवती फिरते आहे, सेकंदाला साधारण एक-दोन फेऱ्या या वेगाने. वहीत याची नोंद करून ठेवा. पुढचं सगळं या फिरण्यावर उभं आहे.

लाल ठिपक्याचं काम

शाळेत आपण या ठिपक्याला नेत्रबिंदू म्हणून शिकलो, आणि बहुतेकांचा समज असा, की युग्लीना त्यातून उजेड पाहते. जर्मन शास्त्रज्ञ टेओडोर एंगलमान याने १८८२ मध्येच दाखवून दिलं, की तसं नाही. पोहणाऱ्या युग्लीनावर त्याने बारीक सावली पाडली. सावली लाल ठिपक्यावर पोचण्याआधी, त्याच्याही पुढच्या रंगहीन टोकाला लागताच ती दचकत होती. उजेड टिपणारी जागा लाल ठिपक्याशेजारी आहे: कशाभिकेच्या बुडाशी असलेला एक छोटा फुगवटा. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातलं प्रथिन वेगळं काढलं. निळा उजेड पडला की हे प्रथिन चक्रीय एएमपी नावाचा रेणू भराभर तयार करतं. हा रेणू पेशींमध्ये निरोप्याचं काम करतो, आणि त्यामुळे कशाभिकेच्या फटकाऱ्यात बदल होतो.

मग लाल ठिपका कशासाठी? सावली पाडण्यासाठी. डोळे मिटून उन्हात उभे राहा, एक तळवा उजव्या गालाजवळ आडोशासारखा धरा आणि स्वतःभोवती सावकाश गिरकी घ्या. प्रत्येक फेरीत एकदा ऊन तळव्याआड जातं आणि पापण्यांवर अंधारून येतं. एकही वस्तू न पाहता तुम्हाला सूर्याची बाजू सांगता येते. युग्लीनाचं असंच होतं. उजेड बाजूने येत असेल तर प्रत्येक फेरीत ठिपक्याची सावली त्या फुगवट्यावर एकदा पडते, आणि प्रत्येक फरकासरशी कशाभिका दिशेत थोडी दुरुस्ती करते. शरीर उजेडाच्या रेषेत आलं की फिरूनही फरक पडत नाही, दुरुस्ती थांबते आणि ती सरळ जाते. हे स्पष्टीकरण पूर्ण नाही. लाल ठिपका नसलेल्या युग्लीनालाही काही प्रमाणात दिशा साधते, म्हणजे फुगवट्यातल्या रेणूंच्या मांडणीचाही त्यात वाटा आहे. पण घरी जे पाहायला मिळतं ते समजायला सावलीचं गणित पुरेसं आहे.

क्लॅमिडोमोनसने हेच काम अगदी वेगळ्या तऱ्हेने साधलं आहे, आणि माझ्या मते ती तऱ्हा अधिक सुंदर आहे. त्याचा ठिपका पुढच्या टोकाला नसून पेशीच्या कुशीत, साधारण मध्यावर असतो. रंगद्रव्याच्या कणांचे एकावर एक थर तिथे आरशाचं काम करतात. उजेड टिपणारं प्रथिन या आरशाच्या वर, पेशीच्या बाहेरच्या पटलात बसलेलं असतं. समोरून आलेला उजेड त्याला दोनदा मिळतो, एकदा सरळ आणि एकदा आरशावरून परतून. पाठीमागून पेशीतून आलेला उजेड आरसा अडवतो. पेशी फिरत असते, त्यामुळे कूस उजेडाकडे असताना आणि नसताना मोठा फरक पडतो.

२०१६ मध्ये जपानी संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. आरशातलं रंगद्रव्य नसलेले क्लॅमिडोमोनस दिशा ओळखतात, पण उलटी! जिकडे जायचं त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जातात. कारण पेशी स्वतः एक भिंग आहे. ती पाठीमागचा उजेड पलीकडच्या बाजूला एकवटते, आणि आरसा अडवायला नसेल तर हा एकवटलेला उजेडच जास्त भरतो.

इथल्या प्रथिनाचं नाव चॅनलरोडॉप्सिन. पेटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि एर्न्स्ट बामबेर्ग यांच्या २००२ आणि २००३ मधल्या कामातून त्याचं स्वरूप उघड झालं. हे प्रथिन म्हणजे पटलातलं एक दार आहे आणि उजेड पडताच ते स्वतःच उघडतं. धन विद्युतभार असलेले आयन, त्यांत कॅल्शियमही, आत शिरतात, आणि दोन कशाभिकांचे फटके वेगवेगळे होऊन पेशी वळते. २००५ मध्ये हेच प्रथिन सस्तन प्राण्याच्या चेतापेशीत बसवून ती पेशी निळ्या उजेडाने चालू करता आली आणि मेंदूसंशोधनाची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. २०२१ मध्ये, दुसऱ्या एका क्लॅमिडोमोनसच्या प्रथिनात थोडा बदल करून ते दृष्टी गेलेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात पोचवलं गेलं, आणि खास चष्म्याच्या मदतीने त्याला समोरच्या टेबलावरच्या वस्तू ओळखता आल्या. डबक्याच्या पाण्याचा अभ्यास कशाला करायचा, असं विचारणाऱ्याला एवढं एक उदाहरण द्यावं.

पहिला प्रयोग : गेले की वाहून नेले गेले?

हिरवा रंग उजेडाकडे सरकला, एवढ्याने ते जीव स्वतः पोहून गेले हे सिद्ध होत नाही. उष्णतेने पाण्यात प्रवाह तयार होतात आणि कणही सरकतात. म्हणून तीन सारख्या परीक्षानळ्या किंवा चपट्या बाजूच्या काचेच्या छोट्या बाटल्या घ्या. पहिलीत जिवंत हिरवं पाणी. दुसरीत तेच, पण बाटली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेली. तिसरीत तेच पाणी, पण त्यात व्हिनेगरचे थेंब टाकून जीव मारलेले. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हालचाल थांबल्याची खात्री करा.

चपलांच्या खोक्याला आतून काळा कागद लावा, एका बाजूला पेन्सिलीएवढी रुंद उभी फट पाडा, आणि आत तिन्ही बाटल्या फटीपासून सारख्या अंतरावर ठेवा. दिवा एलईडीचाच घ्या. जुना पिवळा बल्ब तापतो, आणि त्याच्या उष्णतेने प्रयोगाचा निकाल संशयास्पद होतो. दिवा फटीपासून हातभर लांब असू द्या. दर १५ मिनिटांनी झाकण उचलून, मोबाइल एकाच जागी टेकवून फोटो काढा. साधारण दोन तास पुरतात.

निकाल वाचताना फक्त डावी-उजवी तुलना करायची, वर-खाली नाही. युग्लीना अंधारातही वरच्या दिशेने पोहते, कारण तिला गुरुत्वाकर्षणाची दिशाही कळते. फॉइलच्या बाटलीत हिरवा थर वर जमलेला दिसेल तो त्यामुळे. मेलेले जीव तळाशी बसतील. पहिल्या बाटलीत रंग फटीच्या बाजूला दाटला आणि बाकी दोघींत नाही, तर जीव स्वतः गेले. मग पहिली बाटली अलगद अर्धी फिरवा आणि पुन्हा वेळ लावा. दुसऱ्या खेपेला रंग पुन्हा फटीकडे यायलाच हवा. नाही आला, तर पहिला निकाल बाटलीच्या काचेतल्या दोषाने किंवा तिरक्या टेबलाने आलेला असू शकतो.

दुसरा प्रयोग : कोणता रंग कळतो?

बहुतेक जण यासाठी लाल-निळा जिलेटिन कागद वापरतात. लाल कागद बरा असतो, पण बाजारातला निळा कागद बऱ्याचदा लालही गळू देतो, आणि निकाल घोटाळतो. त्यापेक्षा मोबाइलचा पडदा चांगला. ओएलईडी पडदा असेल तर उत्तम, कारण त्यावरचा काळा भाग खरोखर अंधारा असतो. एलसीडी पडद्याच्या काळ्यातूनही उजेड झिरपतो.

काळ्या पार्श्वभूमीवर शेजारी शेजारी एक शुद्ध निळा आणि एक शुद्ध लाल चौकोन असलेलं चित्र तयार करा. पडदा आपोआप बंद होण्याची सोय थांबवा, तेजस्विता निम्म्यावर ठेवा, मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून आडवा ठेवा. वर सपाट तळाची पारदर्शक बशी ठेवून तिच्यात तीन-चार मिलिमीटर उंचीचं दाट हिरवं पाणी ओता आणि सगळ्यावर खोकं उपडं घाला. अर्ध्या-पाऊण तासाने खोकं उचलून वरून बघा. हिरवं निळ्यावर गोळा झालेलं असेल, लालावर नाही. चौकोनांच्या जागा बदलून पुन्हा करा. मग निळ्याची तेजस्विता कमी करत जा. निळा आपल्या डोळ्यांना लालपेक्षा मंद वाटू लागला तरी हिरवं त्याच्याकडेच जातं का, ते पाहा.

या निकालावर थांबून विचार करावा. हरितद्रव्य लाल उजेड उत्तम शोषतं, म्हणजे लाल उजेडातही या जिवांना अन्न मिळतं. तरी ते लालाकडे जात नाहीत. अर्थ असा, की उजेड खाणारी यंत्रणा आणि उजेड ओळखणारी यंत्रणा त्यांच्यात वेगळी आहे. युग्लीनाचं प्रथिन निळ्याला प्रतिसाद देतं. क्लॅमिडोमोनसचं प्रथिन निळ्या-हिरव्याच्या सीमेवर, ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतं, त्यामुळे तिसरा हिरवा चौकोन काढून बघितलात तर बरणीत कोण जास्त आहे याचाही अंदाज येतो.

मुलांसोबत करत असाल तर चौकोनांऐवजी निळ्या रंगात नावाचं जाड अक्षर काढा. अक्षर हिरव्यात उमटतं आणि बशी हलवली की विस्कटतं, म्हणून फोटो आधी काढावा.

तिसरा प्रयोग : उजेड जास्त झाला तर

गवंडी पातळी तपासायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचा वीतभर तुकडा घ्या, हिरवं पाणी भरून दोन्ही टोकं पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बंद करा, बाजूंना काळा कागद गुंडाळा आणि आडवा ठेवून एका टोकाकडून उजेड सोडा. आधी मंद दिवा लांबून: हिरवं दिव्याच्या टोकाला जमेल. नंतर प्रखर टॉर्च जवळून: आता ते टोकापासून मागे हटेल आणि काही अंतरावर पट्टा करून थांबेल. कागद काढून पट्ट्याची जागा मोजपट्टीने मोजा, टॉर्च लांब नेऊन पुन्हा मोजा.

अति उजेडाने हरितद्रव्याची यंत्रणा बिघडते, म्हणून पळणंही तितकंच गरजेचं. तेच प्रथिन, तीच कशाभिका, आणि तरी प्रतिसाद उलटा.

चौथा प्रयोग : एकट्या पेशीवर

सूक्ष्मदर्शकाचा दिवा स्वतःच प्रखर असतो, आणि आपण पाहायला लागलो की जीव त्या दिव्याला प्रतिसाद देऊ लागतात. यावर सोपा उपाय आहे: दिव्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर ठेवायचे. लाल उजेड त्यांना जवळजवळ कळत नाही, आपल्याला मात्र दिसतं. युग्लीना शांतपणे पोहताना दिसली की कागद झटकन काढा. ती थांबते, जागच्या जागी गिरक्या घेते आणि नव्याच दिशेने निघते. उजेडात अचानक झालेली वाढ तिला नकोशी असते आणि ती दिशा न बघता आधी वळते. इथे उजेड खालून येतोय, बाजूने नाही. कुठून येतोय हा प्रश्नच नाही, फक्त ‘आत्ता वाढला’ एवढंच तिला कळलं आहे. सुरुवातीला सांगितलेला, क्षणापूर्वीचा आणि आत्ताचा यांतला फरक, इथे एका पेशीत डोळ्यांसमोर घडतो. कागद पुन्हा ठेवून मिनिटभर थांबा आणि वेगवेगळ्या पेशींवर पुन्हा करून पाहा. सगळ्या एकसारख्या वागत नाहीत.

नमुन्यात कर्ण्याच्या आकाराचा, निळसर मोठा जीव सापडला तर तो स्टेंटर सिरुलियस. त्याला उजेड नको असतो. अर्धा थेंब झाकून प्रयोग केला तर तो अंधाऱ्या अर्ध्यात जमतो.

गुजरातच्या मिठागरांपासून समुद्रापर्यंत

हिरवे जीव सोडूनही प्रकाश ओळखण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. मिठागरांतलं पाणी आटत आलं की गुलाबी होतं. त्यात अतिखारट पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असतात. त्यांतल्या एकात, हॅलोबॅक्टेरियममध्ये, बॅक्टेरियोरोडॉप्सिन हे प्रथिन १९७१ मध्ये ओळखलं गेलं. या प्रथिनाची भावंडं असलेली दुसरी प्रथिनं त्या जिवाला उजेडाची खबर देतात, आणि दिशा न शोधता, फक्त ‘बरं चाललंय की बिघडतंय’ एवढ्यावर तो पोहायची दिशा पालटतो. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाची गोल पेशी तीन-एक मायक्रोमीटरची. २०१६ मध्ये दिसलं, की ती स्वतःच भिंग होऊन उजेड पलीकडच्या कडेवर एकवटते आणि त्या ठिपक्यापासून दूर, म्हणजे उजेडाच्या दिशेने, सरपटत जाते. तर समुद्रातल्या वॉर्नोविड नावाच्या एकपेशीय जिवांकडे भिंग आणि त्यामागे पडद्यासारखा थर असलेली, खऱ्या डोळ्याची आठवण करून देणारी रचना आहे. २०१५ च्या अभ्यासात तिचा पुढचा थर मायटोकाँड्रियांपासून आणि मागचा पडदा हरितलवकापासून बनल्याचं दिसलं. यांतलं घरी पाहण्यासारखं फारसं काही नाही.

काहीच घडलं नाही तर

बहुतेक वेळा कारण पाणी पातळ असणं हे असतं. रंग डोळ्याला जेमतेम हिरवा दिसत असेल तर आठवडाभर अजून वाढू द्या. दुसरं कारण म्हणजे जीव नुकतेच प्रखर उन्हात होते. त्यांना तासभर मंद उजेडात ठेवून मग प्रयोग लावा. तिसरं म्हणजे खोलीतला दुसरा उजेड. ट्यूबलाइट, खिडकी, पंख्याच्या रेग्युलेटरचा निळा दिवा, सगळं झाका.

वापरून झालेलं पाणी गटारात किंवा तलावात न ओतता बागेतल्या मातीत जिरवा, भांडी गरम पाण्याने धुवा, हात साबणाने.

चौथं कारण वेळ आहे. युग्लीनाचा उजेडाला मिळणारा प्रतिसाद दिवसभर सारखा नसतो. तो दिवसा जास्त, रात्री कमी असतो. १९५६ मध्ये व्हिक्टर ब्रूस आणि कॉलिन पिटेंड्रिग यांनी दाखवलं, की ही चढउतार अंधारातही सुमारे २४ तासांच्या ठेक्यावर चालू राहते आणि तापमान बदललं तरी तो ठेका फारसा बदलत नाही. म्हणजे एका पेशीत घड्याळ आहे. हेही घरी तपासता येतं. आठवडाभर नियमित दिवस-रात्र मिळालेल्या एकाच बरणीतून दोन सारख्या बाटल्या भरा आणि दोन्ही पहाटेपासून कपाटात, पूर्ण अंधारात ठेवा. एक दुपारी बारा वाजता आणि दुसरी रात्री बारा वाजता काढून, त्याच खोक्यात, त्याच दिव्याखाली, एक एक तास ठेवा. दोन्ही फोटोंत फटीकडचा हिरवा पट्टा किती रुंद आहे ते मोजा. दोन्ही बाटल्या अंधारातून आलेल्या असूनही दुपारची बाटली जास्त ठळक यायला हवी.